पाणी मोजण्याची विद्या

अभियंता हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात पूल, धरण, कारखाना, फार तर संगणकाचा पडदा उभा राहतो. पहाटे ओल्या मातीचा नमुना डबीत घालून तिचे वजन करणारा, ती भट्टीत ठेवणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचेच वजन करणारा तरुण काही कोणाच्या मनात उभा राहत नाही. तथापि अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचे सरकारी नाव अहमदनगर होते आणि बोलण्यात ज्यास लोक अद्यापि नुसते नगर म्हणतात त्या जिल्ह्यात, अभियांत्रिकीचे पदवीनंतरचे शिक्षण कसे असते हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने ह्या तरुणाचीच गाठ घेतली पाहिजे. तो राहुरीस भेटतो. नगराहून मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते. तेथील डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयाचा तो विद्यार्थी असतो.

हे विद्यापीठ १९६८ सालचे आणि अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच्या पाठोपाठचे, १९६९ सालचे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या उत्पन्नावर जी विद्यापीठे उभारली गेली, त्यांचा नमुना भारतात प्रथम १९६० साली पंतनगरास गिरविला गेला आणि मग प्रांतोप्रांती पसरला. शिकविणे, संशोधन करणे आणि संशोधनातून हाती आलेले शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचविणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावयाची, हे त्या नमुन्याचे मर्म. ज्यांचे नाव महाविद्यालयास आहे ते अण्णासाहेब शिंदे ह्याच जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले होते आणि हरितक्रांतीच्या काळात केंद्र सरकारात शेतीखात्याचे राज्यमंत्री होते. एक गोष्ट मात्र विद्यापीठाच्या वर्णनांतून सहसा येत नाही. आवारासाठी जी जमीन लागली ती आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची होती. संपादनानंतर त्यांच्या वारसांस विद्यापीठात नोकरी मिळावी, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. ज्या भूमीवर प्रयोगाचे वाफे आखले जातात ते कोणाच्या तरी आजोबांचे वावर होते, हे तेथील विद्यार्थ्याने विसरता कामा नये. पुष्कळदा तो विसरतही नाही, कारण त्याचे स्वतःचे आजोबाही शेतकरीच असतात.

अभियांत्रिकीचे शिक्षण शेतीच्या विद्यापीठात कशासाठी, असे पुष्कळांस वाटते. त्याचे उत्तर ह्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात घाटघरकडे, वर्षास चार-पाच हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो; तेथून पूर्वेस शंभरेक किलोमीटरवर राहुरीस तो जेमतेम सव्वापाचशे उरतो. हे वैषम्य मोडण्यासाठी इंग्रजी अमदानीत प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. ते १९२६ साली पुरे झाले. खाली राहुरी-श्रीरामपूरच्या काळ्या जमिनीत कालवे फिरले, हरेगावास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, उसाचे फड माजले. पुढे १९५० साली प्रवरेच्याच काठी, लोणीजवळ, सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाण्याने जसे सोने पिकविले तसे मीठही पिकविले. निचरा नसलेल्या काळ्या मातीत पाणी साठत गेले, भूजलाची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागी चढले, आणि ज्या जमिनीत जिरायत का होईना, ज्वारी-बाजरी येत असे, ती चोपण होऊन पडली.

ह्यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. धरणे बांधणारे अभियंते स्थापत्यशास्त्र शिकून आलेले होते. कालव्याचे पाणी चारीच्या तोंडाशी आणून सोडले की त्यांचे शास्त्र संपे. शेतीचे पदवीधर बियाणे, खते आणि रोग जाणत. त्यांचे शास्त्र पिकाच्या मुळापाशी सुरू होई. चारीच्या तोंडापासून मुळापर्यंतचा जो मधला पल्ला, जेथे पाणी खरोखर कामी येते अथवा खरोखर वाया जाते, तो कोणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता. अपवाद होते. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असता विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉकपद्धती सुचविली, ती पाणी एकाच जागी न मुरता गावोगावी वाटले जावे ह्याच हेतूने. क्लॉड इंग्लिस ह्यांनी कालव्याखालच्या पाणथळ जमिनींचा अभ्यास केला आणि पुढे खडकवासल्याच्या जलसंशोधनकेंद्राशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पण हे थोर लोकांचे व्यक्तिगत कुतूहल झाले. त्या मधल्या पल्ल्याची रीतसर विद्या व्हावयास अलाहाबादेच्या कृषिसंस्थेत मेसन वॉ ह्यांनी १९४२ साली कृषि अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम काढावा लागला, मग खरगपूरची तंत्रज्ञान संस्था यावी लागली, आणि त्यानंतर कोठे ती विद्या राहुरीस पोचली.

आता हा पल्ला पदवीच्या चार वर्षांतही शिकवितात. मग पदवीनंतर आणखी दोन वर्षे खर्ची कशास घालावी? पदवीच्या वर्गात जे गणित सुटते त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. पदव्युत्तर वर्गात गणितच विद्यार्थ्याने शोधून आणावयाचे असते, आणि त्याचे उत्तर आधी कोणास ठाऊक नसते. हा फरक कानांस साधा वाटतो. ज्याच्या अंगावर येतो त्यास तो फार जड जातो. शाळेपासून सोळा वर्षे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यात जो तरबेज झालेला असतो, त्यास पहिल्या सहामाहीच्या अखेरीस मार्गदर्शक प्राध्यापक विचारतात, तुमचा प्रश्न कोणता? तेव्हा पुष्कळ विद्यार्थी ग्रंथालयात जातात, मागल्या पाच-सात वर्षांचे शोधप्रबंध काढतात, एकात कांदा होता तर आपण टोमॅटो घेऊ, एकात ठिबकाच्या तीन पातळ्या होत्या तर आपण चार घेऊ, असे करून विषय जुळवितात. अशा प्रबंधांनी पदवी मिळते. ग्रंथालयाची कपाटे त्यांनी भरली आहेत. परंतु विषय सापडणे आणि विषय जुळविणे ह्यांतले अंतर त्या विद्यार्थ्यास स्वतःसही कळत असते, आणि मागाहून ते सलतही असते.

अभ्यासक्रमाचा सांगाडा सांगून टाकलेला बरा. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या रचनेत एम. टेक्. साठी ७० श्रेयांक ठेवले आहेत आणि त्यांतले ३० एकट्या शोधप्रबंधाचे आहेत. पीएच्. डी. साठी एकूण १००, पैकी ७५ प्रबंधाचे. म्हणजे वर्गात बसून मिळवावयाचे शिक्षण उत्तरोत्तर आकसत जाते आणि वावरात उभे राहून मिळवावयाचे वाढत जाते. विषय अनेक आहेत: जलसिंचन व निचरा, मृद् व जलसंधारण, शेतीची यंत्रे व शक्ती, मालावरील प्रक्रिया. प्रत्येकाची कहाणी निराळी. परंतु नगर जिल्ह्याच्या जिवाशी पडलेली गाठ पाण्याची आहे, म्हणून पाण्याच्याच विद्यार्थ्यामागे थोडे चालावे.

समजा, त्याने कांदा घेतला. रब्बीच्या कांद्यास राहुरीच्या काळ्या मातीत पाणी नेमके किती लागते, हा प्रश्न. ऐकणाऱ्यास वाटेल, ह्यात न सुटलेले काय आहे? पिढ्यान्‌पिढ्या कांदा करणाऱ्या माणसास ते कळत नाही होय? त्यास कळते ते पाळ्यांच्या हिशेबाने: इतक्या दिवसांनी एक पाणी. त्या एका पाण्यात किती लिटर गेले आणि त्यांतले कांद्याने किती घेतले, हे त्यासही ठाऊक नसते. आणि ठाऊक करून घेण्याची गरज त्यास पूर्वी पडत नसे. गणित मात्र डोळे उघडणारे आहे. एका हेक्टरावर एक मिलीमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे १०,००० लिटर. कडक उन्हाच्या दिवशी भर वाढीचे पीक पाच मिलीमीटर पाणी हवेत सोडते असे धरले, तर हेक्टरी ५०,००० लिटर एका दिवसात उडाले. ह्या हिशेबात एका मिलीमीटराची चूक शंभर हेक्टरांवर केली की दहा लाख लिटरांचा गोंधळ होतो.

पिकाची ही तहान हवेवरून काढण्याचे सूत्र हॉवर्ड पेनमन ह्या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाने १९४८ साली मांडले. ऊन, वारा, उष्णता आणि आर्द्रता ह्या चार गोष्टींतून ते पाणी काढते. जॉन मॉन्टीथ ह्यांनी १९६५ साली त्यात पानांचा विरोध मिळविला, आणि १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने आपल्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत ते जगभरासाठी प्रमाण ठरविले. त्या पुस्तिकेत पिकापिकाचे गुणांकही छापलेले आहेत. ऊस ऐन भरात असता १.२५, इत्यादी. हवेवरून आलेल्या आकड्यास गुणांकाने गुणले की पिकाचे पाणी निघते. मग अडचण कोठे आली? अडचण ही की ते गुणांक किमान आर्द्रता ४५ टक्के आणि वारा सेकंदास २ मीटर अशा हवेसाठी दिलेले आहेत, आणि अन्य हवेत ते सुधारून घ्यावेत असे पुस्तिका स्वतःच सांगते. नगरच्या मार्च-एप्रिलची कोरडी होरपळ त्या हवेत बसत नाही. तेव्हा परक्या मापाचा अंगरखा घालावयाचा नसेल तर आपल्या अंगाचे माप आपणच घेतले पाहिजे. ते घेण्याचे साधन लायसिमीटर: जमिनीत पुरलेली मोठी टाकी, तीत आसपासच्यासारखीच माती आणि पीक, खाली वजनाचा काटा. टाकी हलकी झाली तेवढे पाणी गेले. शेतात एक पीक उभे आहे आणि कोणी त्याचे रोज वजन करीत आहे, हे दृश्य प्रथम पाहणाऱ्या शेतकऱ्यास मोठे चमत्कारिक वाटते.

लायसिमीटर थोडे, विद्यार्थी पुष्कळ. म्हणून बहुतेकांस मातीच्या डबीवरच काम भागवावे लागते. पहाटे वाफ्यावाफ्यातून, पंधरा, तीस, पंचेचाळीस सेंटिमीटर खोलीवरून माती काढावयाची, ओलीचे वजन करावयाचे, १०५ अंश उष्णतेच्या भट्टीत ती चोवीस तास वाळवावयाची, पुन्हा वजन करावयाचे; फरक तो ओलाव्याचा. पाण्याच्या तीन पातळ्या, खताच्या तीन, आणि प्रत्येक जोडीच्या तीन पुनरावृत्ती धरल्या तरी सत्तावीस वाफे होतात; प्रत्येकात तीन खोल्या म्हणजे एका सकाळी एक्याऐंशी डब्या. कोणता वाफा कोणत्या जागी यावा हे विद्यार्थ्याच्या मर्जीवर नसते. ते चिठ्ठ्या टाकून ठरते, नाही तर उताराच्या बाजूचा वाफा मुळातच अधिक ओला असल्याने निष्कर्ष खोटा पडेल. ही युक्ती रोनाल्ड फिशर ह्यांची, विलायतेतील रॉथॅमस्टेडची, पेनमनही तेथलेच. पण राहुरीचा विद्यार्थी ती ज्या पुस्तकातून शिकत आला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे ह्यांचे, १९५४ साली प्रथम छापलेले. सुखात्मे सातारा जिल्ह्यातले. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या माणसाने साऱ्या देशास पिकांचे आकडे पारखावयास शिकवावे, हे योगायोगाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

कांदा डिसेंबरात लावला तर एप्रिलात निघतो. एम. टेक्. ची मुदत दोन वर्षांची. पहिले वर्ष वर्गांत आणि विषय ठरविण्यात जाते, म्हणजे प्रयोगासाठी खरी एकच रब्बी हाती राहते. प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली तर दुसऱ्या दिवशी नवी मिळते. येथे हंगाम फुटला तर वर्ष जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारा पडल्या, तेव्हा शेतकऱ्यांचे जे झाले ते सर्वांनी पाहिले. शेतातील प्रयोगावरही निसर्गाची हीच टांगती तलवार असते. पंपाची वीज रात्रीच येते, ठिबकाची नळी उंदीर कुरतडतात, कालव्याचे आवर्तन आठ दिवस लांबते. आणि नमुना एक दिवस चुकला तर वक्ररेषेत भोक पडते. अशा वेळी ते भोक शेजारच्या दोन आकड्यांवरून भरून काढण्याचा मोह होतो. सगळ्या उच्च शिक्षणाची कसोटी ह्या एका क्षणी लागते आणि तेथे परीक्षक कोणी नसतो. जो विद्यार्थी वहीत 'नोंद नाही' असे लिहितो त्याचा प्रबंध दिसावयास दुबळा दिसतो, पण पुढच्या माणसाच्या उपयोगी तोच पडतो.

साधनांविषयी एक गैरसमज आहे, की संशोधनास मोठी यंत्रे लागतात. तुषारसिंचनाचे पाणी सारखे पडते की नाही हे पाहण्याची रीत जे. ई. क्रिस्टियान्सेन ह्यांनी १९४२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रसिद्ध केली. तीत जमिनीवर ओळीने डबे मांडून त्यांत साठलेले पाणी मोजावयाचे, एवढेच आहे. ती रीत आज सर्वत्र चालते. वाहते पाणी मोजण्याची पार्शल ह्यांची आवळत्या गळ्याची नाळी कोलोरॅडोत शेतकऱ्यांच्या पाणीवाटपाच्या भांडणांतूनच जन्मास आली आणि आता नगरच्या चाऱ्यांवरही दिसते. इकडे राहुरीसही जागतिक बँक आणि अनुसंधान परिषद ह्यांच्या साहाय्याने हवामानानुकूल शेती व जलव्यवस्थापनाचे प्रगत केंद्र निघाले. तेथे ड्रोन, संवेदक आणि यंत्रमानव ह्यांवर काम झाले. हे सर्व स्पृहणीय होय. मात्र ड्रोनने टिपलेल्या चित्रात जो रंग दिसतो तो तहानेचा की रोगाचा, हे ठरविण्यास शेवटी कोणाला तरी डबी घेऊन खाली उतरावेच लागते.

आता घरच्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण ह्या अभ्यासाची खरी किंमत तेथे मोजली जाते. पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातील जिरायत घरातला मुलगा कल्पावा; घरातली माणसे हंगामात ऊसतोडीस जाणारी. मुलगा इंजिनिअर झाला, ह्या आनंदात पदवीची चार वर्षे कशीबशी निघालेली असतात. आता तो म्हणतो, अजून दोन वर्षे. बाप विचारतो, "मग त्यानंतर तरी पगार सुरू होईल ना?" ह्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणे कठीण. ठिबकाच्या कंपन्या आहेत, बँका आहेत, सरकारी खाती आहेत. पण कृषि अभियंत्याच्या जागा थोड्या आणि भरती अनियमित. त्यातून स्पर्धापरीक्षांचे नियम बदलतात. २०२३ च्या आरंभी राज्यसेवेच्या कृषिसेवांसाठी आपल्या विषयास डावलले गेले म्हणून कृषि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंदोलनास उतरले आणि राहुरीसही ते बसले. त्यांच्या मागण्यांत कृषि अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र संचालनालय हवे, अशीही एक होती. ती मागणी केवळ नोकऱ्यांची समजणे अन्यायाचे ठरेल. ज्या सरकारात त्या मधल्या पल्ल्याचे खातेच नाही, तेथे त्या पल्ल्याचा जाणकार बसावयाचा कोठे?

याचाच एक परिणाम असा की काही विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेश घेतात तो वसतिगृहातली खोली, ग्रंथालय आणि मिळाली तर शिष्यवृत्ती ह्यांच्या आधाराने स्पर्धापरीक्षेची तयारी करता यावी म्हणून. त्यांस नावे ठेवणे सोपे आहे. गरिबाच्या मुलाने निवारा शोधला तर त्यात पाप नाही. तथापि तोटा होतो तो दुहेरी: परीक्षा शेकड्यांतून एखाद्यास लाभते, आणि प्रबंध मात्र सर्वांचेच अर्ध्या मनाचे होतात. दुसरी वाट परदेशची. तेथे अध्यापनास वा संशोधनास साहाय्य करण्याचा मोबदला मिळून शिक्षण होऊ शकते, उपकरणे उत्तम असतात, आणि जे जातात त्यांतले पुष्कळ नावलौकिक मिळवितात. परंतु तेथे प्रश्न तेथल्या भूमीचे असतात. नेब्रास्काच्या मक्यावर पाच वर्षे घालविलेला माणूस नेवाशाच्या उसाकडे परत येईलच असे नाही. आणि आला तरी त्यास डबीपासूनच आरंभ करावा लागतो.

हे आकडे न मोजल्याने काय होते, ते ह्या जिल्ह्याने दर काही वर्षांनी सोसले आहे. २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला, की १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. २०२३ साली तशीच वेळ येऊन वरच्या धरणसमूहांतून सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळेचाही वाटा होता आणि प्रवरेचाही. नगर-नाशिक एका बाजूस आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूस असा मोठा कलह माजला. खाली तहानलेली माणसे आहेत हे खरे, वर उभी पिके आहेत हेही खरे. पण ह्या कलहात जे आकडे फेकले जातात, म्हणजे नदीचे पात्र वाटेत किती पिते, कालव्याच्या कडेने किती झिरपते, एकरी उसास खरोखर किती लागते, ते जागच्या जागी मोजलेले किती आणि अंदाजाचे किती, हे विचारणारा सभेत क्वचितच आढळतो. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अंदाज घेऊन उभा राहतो. जेथे माप नाही तेथे आवाज मोठा असणाऱ्याचे खरे ठरते.

माप आले की काय होते याचेही उदाहरण जिल्ह्यातच आहे. मुळा उजव्या कालव्याच्या सातव्या लघुवितरिकेवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी दत्त पाणीवापर संस्था उभी केली. राज्यातील अशा आरंभीच्या संस्थांत ती गणली जाते. एकरावर पट्टी न आकारता घनमापाने मोजून पाणी घ्यावयाचे आणि आत आपापसांत वाटावयाचे, असा तिचा व्यवहार. पाणी मापाने विकत घ्यावयाचे म्हटल्यावर ते किती लागते हा प्रश्न विद्यापीठाच्या वहीतून उठून शेतकऱ्याच्या खिशात येतो. मग रात्रीची दारे धरणारा माणूसही विचारू लागतो, की सरी लांब असावी की आखूड, पाणी कोठे तोडावे. २००५ साली राज्याने अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. संस्था कागदोपत्री पुष्कळ झाल्या. चालत्या किती राहिल्या हा प्रश्न निराळा, आणि टेलच्या शेतकऱ्यास त्याचे उत्तर कोणी सांगावयास नको.

प्रबंध पुरा झाल्यावर त्याचे पुढे काय होते? विद्यार्थ्याच्या एका हंगामाच्या निष्कर्षावरून शेतकऱ्यास काही सांगावयाचे नसते, आणि ते योग्यच आहे. तोच प्रयोग विभागाने आणखी हंगाम चालवावा, निष्कर्ष टिकला तर राज्यातील चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीपुढे मांडावा, तेथे इतर विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी त्यास उलटसुलट तपासावे, आणि मग 'शिफारस' म्हणून त्यास मान्यता मिळावी, अशी पद्धत आहे. मान्य शिफारशी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'त छापल्या जातात. राहुरीच्या जलसिंचन विभागातून पिकाची रोजची गरज सांगणारी 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्युलर' अशी साधने आता भ्रमणध्वनीवरही आली आहेत. शेतकरी पीक, जमीन आणि लागणीची तारीख घालतो व यंत्र किती वेळ पंप चालवावा ते सांगते. त्या एका उत्तरामागे कितीएक रब्बींच्या डब्या, भट्ट्या आणि वह्या उभ्या असतात, हे पडद्यावर दिसत नाही. दिसण्याचे कारणही नाही.

ज्यास हा मार्ग धरावयाचा आहे त्यास कृषि अभियांत्रिकीची पदवी आणि राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा एवढे द्वार ओलांडावे लागते. काही जागा अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून भरतात. प्रवेशापूर्वी एखाद्या फेब्रुवारीत त्याने आवारातील प्रक्षेत्रावर जाऊन एक सकाळ काढली तर माहितीपत्रकाहून अधिक कळेल. नमुने घेणारे विद्यार्थी कामात असतात, पण विचारले तर सांगतात. जवळच्या वाटेने जाणारा एखादा म्हातारा शेतकरीही तेथे थांबलेला असतो. "काय रे पोरांनो, माती मोजून पाणी वाढतं का?" असे तो विचारतो. पोरे हसतात आणि "नाही बाबा, किती कमी दिलं तर चालतं ते कळतं," असे सांगून पुढच्या वाफ्याकडे वळतात, कारण ऊन चढण्यापूर्वी अजून तीस-चाळीस डब्या भरावयाच्या असतात.